भरपाई कोणाला मिळाली?

(इतिहासप्रेमी मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



गुलामगिरीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे साखळदंड, चाबूक आणि गलबताच्या तळाशी कोंबलेली माणसे उभी राहतात. ते चित्र खोटे नाही. परंतु आज मी आपणांपुढे ते रंगवणार नाही. मला एका कीर्दखतावणीविषयी बोलावयाचे आहे. अश्रूंपेक्षा जमाखर्च अधिक बोलका असतो, हे गेल्या काही वर्षांतील एका इतिहाससंशोधनाने दाखवून दिले आहे.

१८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने आपल्या बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. शाळेतला इतिहास येथेच, विल्बरफोर्सचे गुणगान करून थांबतो. पण त्याच कायद्यात दोन कोटी पौंडांच्या नुकसानभरपाईची तरतूद होती. ही रक्कम ब्रिटिश सरकारच्या त्या काळच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के होती. ती कोणाला मिळाली? ज्यांच्या पिढ्या उसाच्या मळ्यांत संपल्या, त्यांना त्यातील एक पैही मिळाली नाही. भरपाई मिळाली ती मालकांना. कारण कायद्याच्या लेखी ‘मालमत्ता’ गेली होती ती त्यांची. उलट, सुमारे आठ लक्ष मुक्त गुलामांपैकी बहुतेकांना ‘उमेदवारी’ या गोंडस नावाखाली आणखी काही वर्षे जुन्याच मालकांकडे राबावे लागले. आणि या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश फिटला तो २०१५ साली! तोवर ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्या प्रत्येकाने त्यास हातभार लावला. गुलामांची पणतवंडे त्यात आली आणि नोकरीनिमित्त लंडनला गेलेली आपली मुलेही आली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील इतिहासकार कॅथरीन हॉल आणि त्यांचे सहकारी २००९ पासून या भरपाईच्या कागदपत्रांच्या मागे लागले. सुमारे ४६ हजार दावे होते. एकेक दावा वाचायचा, दावेदार कोण, कोठला, पैसा मिळाल्यावर त्याने तो कशात घातला, याचा माग काढायचा, असे हे चिकाटीचे काम. २०१३ मध्ये त्यांनी ही सूची सर्वांसाठी खुली केली, तेव्हा अनेक प्रतिष्ठित घराण्यांची झोप उडाली असावी. कारण मालक म्हणजे दूरदेशी राहणारा कोणी क्रूर मळेवाला, ही समजूत टिकली नाही. यादीत धर्मोपदेशक होते, खासदार होते, दोन-चार गुलामांच्या उत्पन्नावर निर्वाह करणाऱ्या विधवाही होत्या. जवळजवळ निम्मी रक्कम ब्रिटनमध्येच राहणाऱ्या मालकांच्या पदरात पडली. त्यातून रेल्वेचे भाग घेतले गेले, पेढ्यांत भांडवल गेले, वाडे उठले, चित्रसंग्रह जमले.

हा धागा प्रथम ज्याने हाती घेतला तो मात्र मळ्यांच्याच भूमीतला होता. त्रिनिदादचा एरिक विल्यम्स शिकायला ऑक्सफर्डला गेला. १९४४ साली त्याचा ‘कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी’ हा ग्रंथ अमेरिकेत निघाला. ब्रिटनमध्ये तो छापला जाण्यास आणखी वीस वर्षे जावी लागली. तोवर विल्यम्स स्वतंत्र त्रिनिदादचा पंतप्रधान झाला होता. गुलामांच्या श्रमातून आलेल्या नफ्याने इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीला बळ दिले आणि मळे पूर्वीसारखे किफायतशीर राहिले नाहीत म्हणून गुलामगिरी गेली, हे त्याचे प्रतिपादन. दुसऱ्या मुद्द्यावर सेमूर ड्रेशर यांच्यासारख्या विद्वानांनी १९७७ मध्ये जोरदार हरकत घेतली. मळे तेव्हा बुडत नव्हते, असे त्यांचे म्हणणे. ती हरकत मला वजनदार वाटते. पण नफा कोठे गेला हा विल्यम्सचा प्रश्न तिने संपत नाही.

आता आपल्याशी असलेला संबंध. भरपाईच्या यादीतील सर्वांत मोठ्या लाभार्थींपैकी एक होता लिव्हरपूलचा जॉन ग्लॅडस्टन, पुढे चार वेळा पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचा पिता. अडीच हजारांहून अधिक गुलामांपोटी त्याला एक लाख सहा हजारांहून अधिक पौंड मिळाले. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या गयानात, त्याचे मळे होते. गुलाम गेल्यावर ते कसणार कोण? १८३६ च्या जानेवारीत त्याने कलकत्त्याच्या एका व्यापारी पेढीला पत्र लिहून मजुरांची मागणी केली. ही पेढी मॉरिशसला मजूर पाठवीतच होती. तिने कळविले की अडचण काही नाही. आपण कोठे जातो आणि प्रवास किती लांबचा, याची या लोकांना मुळीच कल्पना नसते! अडचण नसण्याचे कारण म्हणून हे अज्ञान सांगितले जाते, हे ध्यानात घ्या. मे १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ ही जहाजे सुमारे चारशे भारतीयांना घेऊन तेथे पोहोचली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जुन्या गुलामांची ‘उमेदवारी’ संपली. एक दार मिटायच्या आधी दुसरे उघडलेले होते.

मजुरांना फटके मारल्याच्या वार्ता फुटल्या, काही काळ निर्यात थांबली, पुन्हा सुरू झाली. एकट्या मॉरिशसला साडेचार लाखांहून अधिक भारतीय गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकण-देशावरचे मराठी लोकही होते. आजही तेथे मराठी समाज आहे. ही गिरमिटाची पद्धत म्हणजे सर्वार्थाने गुलामगिरी नव्हे, कारण करार मुदतीचा होता आणि माणूस विकला जात नव्हता. ह्यू टिंकर यांनी १९७४ मध्ये तिला ‘नवी गुलामगिरी’ म्हटले, ते मला थोडे अतिव्याप्त वाटते. परंतु १९१२ साली केंद्रीय कायदेमंडळात नामदार गोखल्यांनी ती समूळ बंद करण्याचा ठराव मांडला आणि सरकारी मतांच्या बळावर तो फेटाळला गेला, हे विसरता येत नाही. भरती थांबली ती १९१७ साली.

येथे एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. १८३३ च्या कायद्यातून कंपनी सरकारचा हिंदुस्थान वगळला होता. येथे कायदा झाला तो १८४३ मध्ये. म्हणजे येथेही गुलामगिरी होती. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणी आणि बटकी यांच्या खरेदीच्या नोंदी आहेत. दुसऱ्यांच्या वह्या उघडताना आपली मिटून ठेवणे इतिहासकाराला शोभत नाही.

२००६ साली मॉरिशसचा आप्रवासी घाट जागतिक वारसा ठरला. त्याच्या सोळा पायऱ्या चढून मजूर प्रथम त्या भूमीवर येत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्यांची नोंदणीपुस्तके जपली आहेत. त्यांत नाव आहे, बापाचे नाव आहे, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा आणि गाव आहे. हा तपशील सरकारने पळून जाणाऱ्या मजुराला पकडता यावे म्हणूनही टिपला होता. त्याच्याच आधारे आज मॉरिशसचे एखादे कुटुंब आपले गाव शोधत रत्नागिरीच्या बाजूला येऊ शकते. भरपाईच्या दाव्यांत मालकाचे नाव पूर्ण लिहिलेले असते. गुलामांपुढे असतो तो केवळ आकडा.