एमटीबी: आधी फ्रेम, मग टायर, शॉक्स सगळ्यात शेवटी

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: पंधरा हजारांची एमटीबी आत्ता घेऊ, की चाळीस हजार साठेपर्यंत थांबू? माझं उत्तर, आत्ता घ्या. आमच्या घरी आधी बहिणीची फी, मग माझे शौक. थांबलो असतो तर दोन वर्षं सायकलच नसती.

तसं ही सायकल जन्मली तीच जुगाडातून. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपैसवर पोरांनी जुन्या, जाड टायरच्या सायकलींना गिअर न् ब्रेक बसवले आणि डोंगर उतरले.

दुकानात फक्त फ्रेम बघा. डिस्क ब्रेकची जागा आहे का? पुढची नळी खाली रुंद, म्हणजे टेपर्ड आहे का? नसेल तर पुढे चांगले शॉक्स मिळायला अडचण येते. गिअर हँगर वेगळा निघतो का? बाकी सगळं बदलता येतं भावा!

नांदेड-लातूरकडे परीक्षा घेते ती काळी माती. पावसात ती टायरला अशी चिकटते की चाकच फिरत नाही. म्हणून टायर आणि फ्रेममध्ये बोटभर जागा हवी, टायरची बटणं लांब-लांब हवीत. बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबमध्ये सीलंट. पहिला खर्च हाच. दुसरा, ब्रेक पॅड.

तिसरा, मागचं चाक. स्वस्त सायकलला 7 गिअरचं फ्रीव्हील असतं. त्यात उजवं बेअरिंग बरंच आत बसतं, एक्सलवर ताण येतो. लोह्याच्या पुढे खड्ड्यात माझा एक्सल वाकला. तेव्हा कॅसेट हबचं चाक घेतलं, पुढच्या दोन पगारांत 9 गिअरची कॅसेट, शिफ्टर, डिरेलर न् चेन.

आता फुकटचा सल्ला. चेन पट्टीने मोजा. 12 इंचांत 12 जोड्या बसायला हव्यात. सोळांश इंच जास्त भरली की चेन बदला, नाहीतर ती कॅसेट खाते, आणि कॅसेट चेनपेक्षा महाग.

शॉक्स शेवटी. स्वस्त स्प्रिंगचे शॉक्स नुसतं वजन वाढवतात. आणि एका पार्टला सायकलच्या निम्म्या किमतीएवढा खर्च येत असेल तर थांबा, तेव्हा नवी सायकल घ्यायची वेळ आलेली असते.

चला, हवा चेक करा. भेटू पुढच्या भागात!