लेकॉकचा खराटा



इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात लेकॉक नावाचं खेडं आहे. तिथल्या आपल्या वाड्याच्या खिडकीचं, टपाल तिकिटाएवढं निगेटिव्ह टॅल्बट यांनी १८३५ साली तयार केलं. आज शिल्लक असलेलं ते सर्वांत जुनं. मला मात्र त्यांचा १८४४चा फोटो जास्त आवडतो : उघडं दार, टेकवलेला खराटा, भिंतीला कंदील. बस्स! माणूस नाही. तरी आत्ताच कुणी झाडून आत गेलंय असं वाटतं.

आपल्याकडे गटफोटो रग्गड, सगळे ताठ बसलेले. हौदाचा, घंटेच्या रुळाचा एकही नाही. जुनी इमारत मे महिन्यात पाडताहेत. तेव्हा जेवणाआधी मोबाईल घेऊन एक चक्कर मारू या. हौदापासूनच सुरुवात करू.