उपग्रहाची वाट
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, उपग्रहाच्या वाटेत काय असते?" शास्त्राचे शिक्षक रजेवर होते, म्हणून त्या तासाला मी उभा होतो. मी पडलो बी.ए. "काही नाही, नुसती पोकळी," असे सांगून मोकळा झालो. घरी पुस्तके चाळली, तेव्हा माझे उत्तर चुकीचे होते हे कळले.

सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर हवा अतिविरळ असते. पण सूर्याच्या अतिनील किरणांनी तिथल्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. हे ऋण इलेक्ट्रॉन आणि उरलेले धन आयन यांच्या मिश्रणास प्लाझ्मा म्हणतात व त्या थरास आयनांबर.

उपग्रह त्यातून सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने जातो. ऑक्सिजनचे आयन सेकंदाला जेमतेम एक किलोमीटर धावतात. पावसात धावणारी एस.टी. आठवा. पुढची काच झोडपली जाते, मागची बाजू बरीचशी कोरडी. तसेच आयन उपग्रहाच्या पुढच्या अंगावर आदळतात आणि मागे आयनरहित शेपूट राहते. इलेक्ट्रॉन मात्र उपग्रहापेक्षाही कितीतरी वेगवान. ते त्या शेपटात शिरतात आणि उपग्रहाच्या अंगावरही साचतात. त्यामुळे दोन्ही ऋणभारित होतात.

हा भार एरवी थोड्याच व्होल्टचा. परंतु आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे सौरपंखे १६० व्होल्टचे. तिथे ठिणगी पडण्याचा आणि बाहेर काम करणाऱ्या अंतराळवीराला धक्का बसण्याचा संभव. म्हणून २००० साली तिथे झेनॉन वायूचा प्लाझ्मा सोडणारी उपकरणे बसविली. जादा इलेक्ट्रॉन त्यावाटे निघून जातात.

आणखी एक गंमत. साहेब तपासणीला आले की वर्ग नेहमीचा राहत नाही. तसाच उपग्रहाजवळचा प्लाझ्माही बिघडलेला असतो. म्हणून तो मोजणारी उपकरणे लांब दांडीवर बाहेर धरतात.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली. त्या मुलीने लगेच विचारले, "मग ते शेपूट पुन्हा भरते कसे?" आत शिरलेले इलेक्ट्रॉन बाजूच्या आयनांना ओढून घेतात, एवढे सांगू शकलो. किती वेळात, किती अंतरावर, या गणितापाशी माझी विद्या संपली.

यंदा ती दहावीत आहे. तिचे अब्बा मला म्हणाले, "मास्तर, दहावी झाली की पुरे." पालकहो, माझे शिक्षण जिथे संपते तिथे तिचा प्रश्न सुरू होतो. अशा मुलींना शास्त्र शाखेत जाऊ द्या, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.