असईनंतरची पत

असईची लढाई आपल्याच जालना जिल्ह्यातली. केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवले. त्याची पंधराशेहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली, पण नव्वदच्या वर तोफा हाती लागल्या. तिथे लढलेल्या काही पलटणींनी पुढे निशाणावर हत्ती मिरवला. कंपनीचा दरारा त्या दिवशी वाढला, यात वाद नाही. पण परक्या मुलखात फौज घालणाऱ्या उगवत्या सत्तेची पत रणात ठरत नाही. फौज तिथे किती काळ राहते आणि तिचा खर्च कोणाच्या माथी बसतो, यावर ती ठरते, असे माझे म्हणणे आहे.

कोणी म्हणेल, कंपनी काही आगंतुक नव्हती, तिला बोलावले होते. खरे आहे. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यावर पेशवे दुसरे बाजीराव वसईला गेले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी तहावर सही केली. पण त्या तहाने निदान सहा हजारांचे कवायती पायदळ पेशव्यांच्या पदरी कायमचे बसले, त्याच्या खर्चापोटी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख गेला आणि इतर सत्तांशी बोलणी करायलाही कंपनीची परवानगी लागू लागली. गादी गमावलेल्या धन्याचे निमंत्रण म्हणजे साऱ्या मराठी दौलतीची संमती नव्हे. शिंदे-भोसल्यांना तह मानवला नाही, म्हणून तर असई घडली. मे १८०३ मध्ये कंपनीच्या संगिनींच्या आधाराने बाजीराव पुण्यात परतले, आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये त्यांचीच फौज खडकीला कंपनीवर चालून गेली. ज्याला गादीवर बसवले तोच उलटला. उपकाराची किंमत रोज वसूल होत असेल, तर दुसरे काय होणार?

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: शेवटी राज्य कंपनीचेच झाले ना, मग पत नसल्याने तिचे काय अडले? अडले ते लगेचच. वसईचा अनुभव पाहिलेल्या होळकरांशी १८०४ मध्ये युद्ध जुंपले आणि मॉन्सनच्या फौजेची माघार घेताना दाणादाण उडाली. १८०५ मध्ये भरतपूरच्या किल्ल्यावरचे चार हल्ले फसले. कर्जाच्या बोजाने लंडनचे संचालक धास्तावले आणि गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली, म्हणजे आर्थरचाच थोरला भाऊ, त्याच वर्षी मायदेशी गेला. राज्य वाढले, पण शब्दामागे छावणी उभी केल्याशिवाय तो चालेना. अशी एक छावणी आपल्या जालन्यातही पिढ्यान्‌पिढ्या होती.

आता स्वतंत्र भारताकडे पाहा. बांगलादेशचे युद्ध चालू असताना ७ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या ठरावाच्या बाजूने १०४ मते पडली, विरोधात अवघी ११. जग इतके विरोधात असूनही बांगलादेशाच्या बाबतीत आपले नाव फार काळ खराब राहिले नाही, कारण मार्च १९७२ मध्ये आपली सेना तिथून परत आली. श्रीलंकेत मात्र जुलै १९८७ चा करार होता, अध्यक्ष जयवर्धने यांचे निमंत्रण होते. तरीही १९८९ मध्ये नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनीच आपल्या फौजेला निघून जायला सांगितले. अकराशेहून अधिक जवान गमावून ती मार्च १९९० मध्ये परतली. पुढे मे २००० मध्ये जाफन्यात श्रीलंकेचे सैन्य कोंडीत सापडले, तेव्हा दिल्लीने लष्करी हस्तक्षेपाला नकार दिला.