ओर्तांच्या गोव्यात आपले स्वागत

संमेलनाध्यक्ष, मान्यवर आणि लांबून आलेल्या अभ्यासक बंधू-भगिनींनो,

पणजीकरांच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत. द्रव्यावरून विज्ञान आणि धर्मसत्ता यांच्यात झालेल्या संघर्षावर आपण बोलणार आहात. मिस्सेतल्या भाकरीचे द्रव्य ख्रिस्ताच्या देहात पालटते, असे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1551 मध्ये ठरवले. रंग-चव मात्र भाकरीचीच राहते. 1623 मध्ये गॅलिलिओने लिहिले, वस्तूत असतात ते सूक्ष्म कण; रंग-चव वस्तूत नसतेच, अनुभवणाऱ्यात असते. मग वेदीवर उरते काय? रोममध्ये त्याच्या पुस्तकाविरुद्ध निनावी तक्रार गेली. 1632 मध्ये जेझुइटांनी आपल्या विद्यालयांत अणुवाद, म्हणजे द्रव्य अणूंचे बनलेले असते हे मत, शिकवायला मनाई केली. बारकावे आपण जाणताच. मला आमच्या गोव्याविषयी बोलायचे आहे.

बँडस्टँड असलेली पालिकेची बाग आपण पाहिली असेल. तिला गार्सिया द ओर्ता यांचे नाव आहे. तिथे रोज संध्याकाळी बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ओर्ता ठाऊक असतील, याची खंत वाटते. हे पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात आले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचेही ते वैद्य होते. औषधी द्रव्यांवरचा त्यांचा ग्रंथ 1563 मध्ये इथेच, गोव्यात छापला गेला. त्यात हिंग आहे, आंबा आहे, फणस आहे. आणि मोडशीचा, म्हणजे पटकीचा, रोगी आहे: नाडी बुडालेली, अंग गार, डोळे खोल गेलेले, तहानेने जीव कासावीस. पुस्तकातून उतरवलेले हे वर्णन नव्हे, खाटेशेजारी बसून केलेले आहे. स्पेनमध्ये असतो तर प्राचीन ग्रीक वैद्य गेलेनविरुद्ध बोलायला धजलो नसतो, असेही ते त्यात सांगतात. 1568 मध्ये ते वारले. 1580 मध्ये धर्मन्यायालयाने (इन्क्विझिशनने) त्यांची हाडे उकरून जाळली. आरोप गुपचूप ज्यू धर्म पाळल्याचा होता, अणूंशी त्याचा संबंध नव्हता, हे खरे. तरी पदार्थ स्वतः पाहून, चाखून ठरवणारा हा माणूस आमच्या मातीत राबला, याचा आम्हा गोवेकरांना अभिमान आहे.

सोयी अपुऱ्या आहेत, त्याबद्दल क्षमा असावी. काहींची राहण्याची सोय वसतिगृहात करावी लागली. गाद्या पातळ आहेत. उकाडा आहे, डास आहेत, गाड्या लावायला जागा नाही. तांदूळ, नारळ आणि मासळी देणारे दाते, मंडप विनामूल्य उभारणारे कारागीर, स्वयंपाकघरात पहाटेपासून राबणाऱ्या भगिनी, या सर्वांचे ऋण मोठे आहे. शाकाहारी पंगत डावीकडच्या दालनात मांडली आहे. काही उणे वाटल्यास स्वयंसेवकांना हक्काने सांगावे.

संमेलनाध्यक्षांनी आता सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती.