इंजिनाची पहिली पाच मिनिटं

आम्ही मुंबईच्या उपनगरातून, घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीतून बोलतो आहोत. आजचा विषय जरा वेगळा आहे. पापड नाही, लोणचं नाही, शिलाई मशीनही नाही. सकाळी गाडी सुरू केल्यावर ती लगेच पळवावी की आधी तापू द्यावी, याबद्दल आम्ही बोलणार आहोत.

तुम्ही म्हणाल, हे आमच्या काय कामाचं? पण आता गावोगावी गटांकडे मालाचा टेम्पो आहे, ट्रॅक्टर आहे, कुणाकडे स्कूटी आहे. गाडी कर्जाची असते आणि इंजिन बिघडलं तरी हप्ता थांबत नाही. आमच्या गटाला हे कसं कळलं, ते आधी सांगतो.

मुंबईत रिक्षा चालते ती उपनगरातच. बांद्रा आणि सायन ओलांडून ती शहरात जात नाही. पण इकडे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला रिक्षाशिवाय पान हलत नाही. २०१६ च्या सुमारास सरकारने रिक्षा परवान्यांत महिलांसाठी ५ टक्के जागा राखून ठेवल्या आणि अबोली रंगाच्या रिक्षा रस्त्यावर दिसू लागल्या. त्या बघून पुढे आमच्या गटातल्या एका ताईनेही धीर केला. गटाचं कर्ज काढलं, थोडं सोनं मोडलं आणि रिक्षा घेतली. पहिलं वर्ष हप्ते अगदी वेळेवर आले.

दीड वर्षाने रिक्षा निळा धूर सोडायला लागली. गॅरेजचे मेस्त्री म्हणाले, "इंजिन ऑईल खातंय. बोअर-पिस्टनचं काम निघालंय." रिक्षा नऊ दिवस उभी राहिली, दुरुस्तीचा खर्च झाला आणि दोन हप्ते चुकले.

नेमका त्याच महिन्यात गटातल्या दुसऱ्या एकीचा रिक्षासाठीच अर्ज आला होता. बैठकीत आवाज चढले. कुणी म्हणालं, बायकांना गाडी सांभाळता येत नाही, आता दुसरं कर्ज नको. खरं सांगायचं तर भीती खोटी नव्हती. एकीचा हप्ता चुकला की ओझं सगळ्यांवर येतं. ताई खाली मान घालून बसली होती. शेवटी ठरलं, आधी बिघाड का झाला ते समजून घेऊ, अर्जाचं नंतर बघू. दुसऱ्या दिवशी आम्ही सात-आठ जणी गॅरेजात गेलो.

मेस्त्रींनी उघडलेलं इंजिन दाखवलं. पिस्टनवर उभ्या रेघा पडल्या होत्या, नखाला लागत होत्या. त्यांनी ताईला विचारलं, "सकाळी गाडी कशी काढता?" ताई म्हणाली, "पाचला स्टार्टर मारते. रिक्षा खाली रस्त्यावर असते आणि पहिलं गिऱ्हाईक वर चढावर. त्यांना फास्ट लोकल पकडायची असते. म्हणून रेस देऊन तशीच वर चढवते." मेस्त्रींनी ऑईल बदलल्याच्या तारखा विचारल्या. तिथेही महिना-दीड महिना उशीर होत होता. ते म्हणाले, "दोन्ही मिळून हे झालंय. थंड इंजिनावर रोज चढ, त्यात ऑईल जुनं."

आता यामागचं कारण सोप्या शब्दांत सांगतो. इंजिनाच्या आत लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून ऑईल असतं. रात्रभर गाडी उभी राहिली की बरंचसं ऑईल ओघळून तळाशी जमतं, वर नुसता पातळ थर उरतो. स्टार्टर मारल्यावर पंप ते ऑईल पुन्हा वर चढवतो. त्याला काही सेकंद लागतात. थंड ऑईल दाटही असतं. थंडीत खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी तेल येत नाही, ते आठवा. इंजिनाचं ऑईल तसं गोठत नाही, पण सावकाश वाहतं. शिवाय पिस्टन आणि तो ज्यात फिरतो तो बोअर, दोन्ही तापल्यावर फुगून नेमके बसतात. थंड असताना त्यांची बैठक तितकी नेमकी नसते. अशा वेळी जोरात रेस दिली की झीज होते. एका दिवसात काही दिसत नाही, पण रोज झालं की रेघा पडतात.

मग काय, दहा मिनिटं गाडी उभीच तापवायची? आमच्यातल्या एकीचे वडील पूर्वी काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी चालवायचे. ही गाडी इथल्याच कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची. सकाळी चोक ओढायचा, गाडी घुरघुरत ठेवायची आणि तेवढ्यात चहा घ्यायचा, अशी त्यांची पद्धत. त्या काळी ते बरोबरच होतं. कार्बोरेटरच्या गाडीला थंडपणी इंधनाचं प्रमाण नीट जमत नाही, ती झटके देते, बंद पडते. पण मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आता बहुतेक नव्या गाड्यांत इंधनाचं प्रमाण यंत्रच सांभाळतं. गाडी बदलली, सवय मात्र तीच राहिली.

उभ्या गाडीत इंजिनाला काम नसतं, म्हणून ते फार हळू तापतं. तोवर इंधन जळतं आणि धूर दारातल्या पोरांच्या नाकात जातो. हळू चालवली तर तेच इंजिन लवकर तापतं. म्हणून नवीन गाडी सुरू करून अर्धा मिनिट थांबायचं आणि निघायचं. पण पहिली पाच मिनिटं, म्हणजे दोनेक किलोमीटर, हळू चालवायची. रेस नाही, जोराचा पिकअप नाही, आणि जमलं तर लगेच मोठा चढही नाही.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. चावी फिरवल्यावर ऑईलच्या किटलीसारखा लाल दिवा लागतो. इंजिन सुरू झाल्यावर तो काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर गाडी बंद करा आणि मेस्त्रीला बोलवा. डिझेल गाडीत वेटोळ्यासारखं चिन्ह पेटतं. ते विझल्यावरच स्टार्टर मारा. ज्या गाडीत तापमानाचा काटा असतो, तिथे काटा मधोमध आला तरी ते पाण्याचं तापमान असतं. ऑईल त्याच्या मागून तापतं. तेव्हा काटा वर आला म्हणून लगेच पळवू नका.

ट्रॅक्टर असेल तर सुरू करून दोन-तीन मिनिटं हळू फिरू द्या, मग रोटाव्हेटरला लावा. मालाचा टेम्पो बाजाराच्या दिवशी भरून निघतो आणि गावाबाहेर पडताच घाट लागतो. तेव्हा घाटापर्यंतचा रस्ता घाई न करता कापा. गाडीला टर्बो असेल तर घाट चढून आल्यावर लगेच चावी बंद करू नका. मिनिटभर तशीच फिरू द्या, म्हणजे तापलेला टर्बो निवतो.

एक गोष्ट जिवाची आहे. बंद शेडमध्ये किंवा गोठ्यात इंजिन सुरू ठेवू नका. त्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतल्यासारखा बेशुद्ध होतो आणि जीवही जातो. गाडी आधी बाहेर काढा.

आता विजेवरच्या रिक्षाही आल्या आहेत. सरकारने २०२४ मध्ये महिलांसाठी पिंक ई-रिक्षा योजना जाहीर केली. त्यांना इंजिनच नाही, तेव्हा ऑईल तापवायचा प्रश्नही नाही. पण ज्यांची गाडी पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीवर आहे, त्यांना पहिली पाच मिनिटं सांभाळावीच लागतील.

पुढच्या बैठकीत दुसरीचं कर्ज मंजूर झालं. दोन अटी घातल्या. ऑईल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर कर्जाच्या वहीतच लिहायचे आणि दर महिन्याला बैठकीत वाचून दाखवायचे. दुसरी अट ताईनेच सुचवली. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला आदल्या दिवशीच सांगायचं की पाच मिनिटं आधी खाली या. गिऱ्हाइकं थोडी कुरकुरली, पण आता ती सपाट रस्त्यावर येऊन थांबतात. राहिलेले दोन हप्ते ताईने चार महिन्यांत फेडले. आता नवीन चालवायला शिकणाऱ्यांना इंजिनाचा धडा तीच देते.

तुमच्या गटाकडे गाडी असेल तर येत्या बैठकीत एवढंच विचारा : सकाळी ती सुरू कोण करतं, आणि कशी?