गाईच्या दुधाला फॅट का लागत नाही?

दूध वाढावे म्हणून संकरित गाईचा भरडा, पेंड वाढवली, पण डेअरीत फॅट ३.५ च्या खाली लागते आणि दर कापला जातो. दोष यंत्राला दिला जातो. एकदा आपली गव्हाणही पाहावी. चोथायुक्त वैरण कोठीपोटात आंबून जे आम्ल तयार होते, त्यापासून कासेत स्निग्धांश बनतो. भरडा जास्त, वैरण कमी झाली की गाय रवंथ कमी करते, लाळ घटते, कोठीपोटाची आम्लता वाढते. म्हणून कडबा कमी करू नका. कुट्टी भुग्यासारखी नको, इंचभर असू द्या. खुराक २-३ वेळा विभागून द्या. बदल ८-१० दिवसांत हळूहळू करा. नुसता कोवळा लसूणघास घालणाऱ्यांनीही कडबा सोडू नये.